क्युझीन म्हणजे मामेभाऊ

ही हकीकत कुणाला सांगू नका, असं बायकोनं मला दोनदा बजावलं आहे. झाकली मूठ म्हणतात ती हीच, असं तिचं म्हणणं. पण ही मूठ आता झाकलेली राहिलेली नाही. शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या दप्तरात ती माझ्या सहीनिशी जमा आहे, आणि दप्तरात जमा झालेला कागद माणसापेक्षा जास्त जगतो. तेव्हा लोकांनी तिकडून वाचण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेलं बरं.

मी पाणीपुरवठा कार्यालयात मुख्य कारकून आहे. माझं इंग्रजी उत्तम आहे, असा आमच्याकडे एक समज होता. तो कुणी पसरवला ह्याचा माग काढत गेलात तर पावलं माझ्याच टेबलापाशी येऊन थांबतील. खरं सांगायचं तर मला इंग्रजीतली एकूण चाळीसेक वाक्यं येतात, पण ती बिनचूक येतात. 'उपरोक्त विषयास अनुसरून'पासून 'आपला विश्वासू'पर्यंतचा सगळा मुलूख माझ्या पायाखालचा आहे. त्या मुलखाबाहेर माणसं इंग्रजीत जेवतात, भांडतात, आजारी पडतात. तिकडे मी कधी गेलेलो नाही. पण जायची वेळच आली नाही तर आपण तिकडचे नाही हे माणसाला कळणार कसं?

ती वेळ वहिनींनी आणली. वहिनी म्हणजे आमच्या कचेरीच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाई. त्या नक्की कुणाच्या वहिनी हे कुणालाच ठाऊक नाही, पण साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणतात. अठरा वर्षं त्यांनी आम्हा दीडशे माणसांना वेळेवर आणि गरम खायला घातलं. एका दुपारी त्या हात पुसत माझ्या टेबलाशी आल्या आणि वर्तमानपत्राचं एक कात्रण त्यांनी माझ्यासमोर ठेवलं.

"भाऊसाहेब, इस्पितळाच्या स्वयंपाकघरात जागा निघालीय. इथं पुढच्या महिन्यात खाण्यापिण्याची यंत्रं बसणार, कँटीन बंद होणार. मला ही जागा मिळायला पाहिजे. मुलाखत इंग्रजीत आहे."

कात्रणातल्या सहा शब्दांखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. कुक, मील, डिश, कोर्स, डाएट, क्युझीन.

"सगळे खाण्याचेच शब्द दिसतायत," त्या म्हणाल्या, "पण एकातून दुसरा वेगळा काढता येत नाही. तांदळातला खडा मी अंधारात काढीन, पण हे जमत नाही. कुक तेवढा मला येतो. कुक म्हणजे मी."

इथं मी 'बरोबर' एवढंच म्हणालो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण समोरच्याला एखादी गोष्ट आधीच येत असली की शिकवणाऱ्याच्या मानाला कुठंतरी धक्का लागतो. मी चष्मा काढला. चष्मा काढला की मी जास्त विद्वान दिसतो, असं माझं मत आहे. दिसत मात्र मला काहीच नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "ड्राइव्ह करतो तो कोण?"

"ड्रायव्हर."

"पेंट करतो तो?"

"पेंटर."

"मग कुक करतो तो?"

"कुकर? पण भाऊसाहेब, कुकर शिट्टीचा असतो ना?"

"तो प्रेशर कुकर. तुम्ही नुसत्या कुकर."

त्यांच्या कपाळावर एक आठी आली. ती मी पाहिली, हे मी कबूल करतो. पण अठरा वर्षं ज्या माणसाच्या हातून कचेरीची सगळी पत्रं बाहेर पडली, त्याच्यापुढं एका आठीचं काय चालणार? त्यांनी आठी मिटवली आणि वहीत 'कुकर' असं लिहून घेतलं.

घरी गेल्यावर मी उरलेल्या पाच शब्दांना हात घातला. बायको म्हणाली, "शब्दकोश बघा ना." आमच्या घरी शब्दकोश आहे, चांगला जाडजूड आहे. पण कपाटाचा एक पाय आखूड असल्यामुळं तो त्याच्या खाली आहे. शब्दकोश काढायचा तर आधी कपाट रिकामं करायला हवं, आणि पाच शब्दांसाठी एवढे कपडे कोण उपसणार? मी म्हणालो, "शब्दकोशात अर्थ असतो, फरक नसतो. फरक डोक्यानं काढावा लागतो." मग मी तो डोक्यानं काढला.

डिश म्हणजे बशी. बशी कुणी खात नाही, तेव्हा डिश हा खाण्याचा पदार्थ असूच शकत नाही. मील म्हणजे गिरणी. जिथं दळण होतं ती जागा. कोर्स म्हणजे अभ्यासक्रम, ह्यात तर वादच नाही. डाएट म्हणजे न खाणं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई वर्षभर डाएटवर आहेत आणि कुणाकडे गेल्या तरी पाणीसुद्धा विचारून घेतात. राहता राहिला क्युझीन. ह्या शब्दानं मला दोन दिवस छळलं. तिसऱ्या दिवशी दाढी करताना उलगडा झाला की ही छपाईची चूक आहे. शब्द 'कझिन' आहे. कझिन म्हणजे आतेभाऊ, मामेभाऊ वगैरे. 'विविध क्युझीनची माहिती आवश्यक' ह्याचा अर्थ, उमेदवाराचे नातेवाईक कोण आणि कुठं असतात हे त्यांना हवं आहे. इस्पितळासारख्या ठिकाणी चौकशी करूनच माणूस घेणार, हे मला पटलंसुद्धा.

हे सगळं मी एका कागदावर सुबक अक्षरात उतरवलं. त्या कागदावर गोष्ट थांबली असती तर लाज एका माणसापुरती राहिली असती. पण आमच्या शेजारी जज्जसाहेब राहतात. त्यांनी न्यायालयात जन्मभर पंखे दुरुस्त केले, पण निकाल देण्याची सवय तिथून लागली. त्यांनी कागद वाचला आणि निकाल दिला, "मजकूर निर्दोष आहे, पण चित्राशिवाय ज्ञान डोक्यात शिरत नाही. तक्ता करा. मोठा करा. एकट्या बाईसाठी कशाला, सगळ्यांचं कल्याण होऊ दे."

सगळ्यांच्या कल्याणाचा मुद्दा मला एकदम पटला. तसा तो मला कायमच लवकर पटतो, विशेषतः खाली आपलं नाव येणार असेल तर.

दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर मी गाठला. माणूस कसबी, पण शंकेखोर. डाएटसाठी त्यानं रिकामी बशी काढली. मी म्हणालो, बशी तर डिशला काढलीय. तो म्हणाला, मग ही डाएटवरची डिश. क्युझीनसाठी काय काढू म्हणून विचारलं तेव्हा मी त्याला दोन मामेभाऊ हस्तांदोलन करताना काढायला सांगितलं. कुकर मात्र मी त्याच्यावर सोपवला, आणि तिथं घोटाळा झाला. तयार तक्त्यावर एक बाई हसत उभी होती आणि तिच्या डोक्यातून वाफ निघत होती. तक्ता सहा फूट लांब, चार फूट उंच. खाली उजवीकडे माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि 'संकलक' हा शब्द, तोही लाल रंगात.

वाचनालयाच्या भिंतीवर तो लावायचा ठरलं. वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "फलक लावण्याचा अर्ज भरा." मी भरला. तो समितीपुढं गेला. समितीत तक्त्यातला एकही शब्द कुणी वाचला नाही; चर्चा सगळी खिळ्यांवर झाली. भिंतीला चार खिळे ठोकायचे की सहा, ह्यावर पाऊण तास गेला. शेवटी एका सभासदानं हरकत काढली की जो तक्ता कुणी शिकवत नाही ती सजावट होते, आणि सजावटीचा अर्ज वेगळा असतो. तो दुसरा अर्ज टाळण्यासाठी समितीनं ठराव केला की दर शनिवारी दुपारी 'भाऊसाहेबांनी त्यावर वर्ग घ्यावा'. अशा रीतीनं सहा शब्दांचं एक टिपण पंधरा दिवसांत चौदा विद्यार्थ्यांचा वर्ग होऊन बसलं.

त्या तीन शनिवारांची आठवण झाली की अजून माझे कान गरम होतात. मी छडी घेऊन उभा राहायचो. एक शिंपी, दोन परिचारिका, एक म्हातारं जोडपं ज्यांचा मुलगा परदेशी असतो, वगैरे अशी चौदा भली माणसं एका सुरात म्हणायची, "क्युझीन म्हणजे मामेभाऊ." वहिनी पहिल्या बाकावर. एकदा त्यांनी हात वर केला.

"भाऊसाहेब, आमच्या शेजारची मुलगी म्हणते कुक म्हणजेच स्वयंपाकी. तिच्या पुस्तकात आहे."

"पुस्तकं जुनी असतात, वहिनी," मी म्हणालो, आणि वर्ग हसावा म्हणून पुढं म्हणालो, "तिला विचारा, मुलाखत तुमची आहे की तिची."

वर्ग हसला. वहिनी खाली बघून वहीत काहीतरी खोडू लागल्या.

मुलाखत मंगळवारी झाली. बुधवारी सकाळी वहिनींनी चहाचा कप माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "नाही होणार बहुतेक. सगळे हसत होते."

"घाबरला असाल तुम्ही," मी म्हणालो. "उच्चार चुकले असतील. सराव कमी पडला."

"असेल," त्या म्हणाल्या. "माझंच डोकं चालत नाही. तुम्ही एवढं शिकवलंत." आणि गेल्या.

ह्यानंतरचे आठ दिवस मी मजेत होतो, हे लिहिताना हात अडखळतो, पण होतो. शनिवारचा वर्गही घेतला. वहिनी आल्या नाहीत. त्यांच्या बाकावरच्यांना मी सांगितलं की नापास झालेला विद्यार्थी तोंड लपवतोच, त्याला हळूहळू पुन्हा उभं करावं लागतं.

पुढच्या बुधवारी इस्पितळाच्या आहारतज्ज्ञ बाई आमच्या कचेरीत आल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात पाणी कमी दाबानं येतं अशी तक्रार होती. आमचे साहेब, त्या आणि तक्रारीचा कागद घेऊन मी, असे तिघं साहेबांच्या खोलीत बसलो होतो. साहेबांनी सहज विचारलं, "तुमच्याकडे भरती चाललीय म्हणे."

"चालली होती," त्या म्हणाल्या. "आठ दिवस झाले, पण एक बाई डोक्यातून जात नाहीत. कामाच्या वाटल्या होत्या. आल्या, बसल्या आणि म्हणाल्या, 'आय ॲम अ कुकर. आय ॲम नॉट प्रेशर कुकर. ओन्ली कुकर.'"

साहेब खो-खो हसले. मी तक्रारीचा कागद तोंडासमोर धरला.

"मी विचारलं, किती डिशेस बनवता येतात? त्या म्हणाल्या, डिश मी बनवत नाही, बाजारातून आणते आणि रोज धुते. तीन कोर्सचं जेवण जमेल का विचारलं, तर म्हणाल्या, 'नो कोर्स मॅडम, ओन्ली एक्सपीरियन्स.' रुग्णांना दिवसात किती मील द्याल, तर म्हणाल्या, मील कशाला, पीठ बाहेरून दळून आणू. मधुमेहाच्या रुग्णाला काय डाएट द्याल, तर म्हणाल्या, 'नो मॅडम. पेशंट मस्ट ईट.' बिचाऱ्या त्यावर फार ठाम होत्या. शेवटी मी क्युझीनबद्दल विचारलं." त्यांना पुढं बोलवेना. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "त्यांनी मला त्यांच्या तिन्ही मामेभावांची माहिती दिली. एक सुतार आहे, एक टपालखात्यात आणि तिसऱ्याची तब्येत बरी नसते."

साहेब टेबलावर हात आपटून हसत होते. आणि मीही हसलो. हे मला लिहून ठेवलंच पाहिजे. मी नुसता हसलो नाही, मी सर्वांत मोठ्यानं आणि सर्वांत शेवटपर्यंत हसलो. थांबलो तर आपल्याकडे लक्ष जाईल, अशी मला भीती वाटली.

आहारतज्ज्ञ बाई गंभीर झाल्या. "हसू नये खरं तर. बाई हुशार होत्या. कुणीतरी नीट शिकवून त्यांची वाट लावली होती. प्रत्येक उत्तराआधी त्या म्हणायच्या, माझ्या सरांनी सांगितलंय. असल्या सरांना शोधून काढलं पाहिजे."

"काढलंच पाहिजे," मी म्हणालो.

त्या दिवशी मी घरी गेलो तो सरळ कपाटाशी. सगळे कपडे पलंगावर उपसले, कपाट तिरकं केलं आणि शब्दकोश बाहेर ओढला. बायको दारात उभी राहून बघत होती. मी उभ्या उभ्या सहाही शब्द काढले. कुक म्हणजे स्वयंपाक करणारा माणूस. कुकर म्हणजे ज्यात किंवा ज्यावर शिजवतात ते यंत्र. मील म्हणजे एका वेळचं जेवण. गिरणीचा शब्द वेगळा, त्याचा उच्चार आखूड. डिश म्हणजे बशी खरी, पण बनवलेला पदार्थही. कोर्स म्हणजे जेवणात एकामागून एक येणारा टप्पा. डाएट म्हणजे माणूस रोज जे खातो ते सगळं. न खाणं नव्हे. आणि क्युझीन म्हणजे एखाद्या मुलखाची स्वयंपाकाची पद्धत. छपाईत काही चूक नव्हती. सहापैकी सहा. एखादा तरी चुकून बरोबर यावा, तोही नाही.

मी बायकोला सगळं सांगितलं. हसण्याचंही सांगितलं. तिनं कपड्यांच्या घड्या करायला घेतल्या.

"मला काय सांगताय," ती म्हणाली. "तिला सांगा."

मी दुसऱ्या दिवशी अर्धी रजा काढून इस्पितळात गेलो. वहिनींपेक्षा इस्पितळ सोपं, असा मी हिशेब केला होता. भित्रा माणूस आधी लांबच्या वाघाशी लढतो. खिडकीवरचा कारकून माझ्यासारखाच होता, म्हणजे मान वर न करता बोलणारा.

"मुलाखतीसंबंधी अर्ज द्यायचाय."

"उमेदवार?"

"मी नाही."

"मग उमेदवाराशी नातं? वडील, पती, भाऊ, इतर."

"इतर. शिक्षक."

"शिक्षक असल्याचं प्रमाणपत्र?"

ते कुठून आणणार? मी त्याला हळू आवाजात समजावलं की मी चुकीचं शिकवलं म्हणून आलोय. तो पहिल्यांदा मान वर करून बघू लागला. "मग चुकीचं शिकवल्याचा पुरावा लागेल. मूळ दस्तऐवज. प्रत चालणार नाही."

मूळ दस्तऐवज सहा फूट लांबीचा होता आणि सहा खिळ्यांनी भिंतीला ठोकलेला होता. शेवटी समितीनं सहा ठरवले होते. वाचनालयाच्या बाईंनी तो पोचपावतीवर दिला, आणि 'कारण' ह्या रकान्यात मला 'मजकूर संपूर्ण चुकीचा' असं लिहावं लागलं. लिहिताना मागं शिंपी उभा होता. तो म्हणाला, "संपूर्ण म्हणजे मामेभाऊ पण?" मी म्हणालो, "मामेभाऊ सगळ्यात जास्त."

एवढा तक्ता कुठल्या वाहनात मावेना, म्हणून तो मी डोक्यावर घेऊन चालत निघालो. इस्पितळाच्या व्हरांड्यात नंबर लावून बसलेली माणसं तो वाचायला लागली. एका आजोबांनी चित्रातली रिकामी बशी बघितली, डाएटपुढचं 'न खाणे' वाचलं आणि हातातला पाव मुकाट्यानं पिशवीत परत ठेवला. मी थांबून त्यांना सांगितलं की हे सगळं खोटं आहे, तुम्ही खा. ते म्हणाले, "मग भिंतीवर लावायला कशाला नेताय?" मी म्हणालो, "लावायला नाही, कबुली द्यायला." ते घाईघाईनं बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकले.

आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीत तक्ता उभा मावेना, आडवा टेकवला. त्यांनी मान वाकडी करून तो वरपासून खालपर्यंत वाचला. वाफ निघणाऱ्या बाईपाशी त्यांचे ओठ हलले, पण त्या हसल्या नाहीत. त्या लाल अक्षरांतल्या नावापाशी आल्या, मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही पाणीपुरवठ्यातले ना? काल त्या खोलीत होतात."

"हो."

"तुम्ही हसत होतात."

"हो," मी म्हणालो. इतकी वर्षं मी वाक्याला वाक्य जोडून पोट भरलं, पण त्या 'हो'ला जोडायला मला काही सापडलं नाही.

त्यांनी खणातून निवडीची यादी बाहेर काढली. मग म्हणाल्या, "यादी अजून सहीला गेलेली नाही. पण तुमच्या सांगण्यावरून मी काही करणार नाही. बाईंनी स्वतः फेरमुलाखत मागितली पाहिजे. आणि त्या ती मागणार कधी, तर चूक आपली नव्हती हे त्यांना कळल्यावर. त्यांना सांगितलंत का?"

"नाही."

"मग आधी इथं का आलात?"

तक्ता त्यांनी पुरावा म्हणून ठेवून घेतला. मी मोकळ्या हातानं कचेरीत परतलो.

कँटीनमध्ये जेवणाची वेळ टळून गेली होती. वहिनी एका मोठ्या पातेल्याचा तळ घासत होत्या. मी वाटेत चार वाक्यं तयार केली होती, 'उपरोक्त' धाटणीची. त्यातलं एकही तोंडातून बाहेर येईना.

"वहिनी, ते शब्द मी चुकीचे शिकवले. सगळे. तुम्ही सांगत होता तेच बरोबर होतं. कुक म्हणजे तुम्हीच."

त्यांचा हात थांबला. पाण्याचा नळ तसाच चालू राहिला.

"शेजारची मुलगी म्हणत होती ते?"

"तेही बरोबर. आणि त्या इस्पितळातल्या बाई साहेबांच्या खोलीत ती गोष्ट सांगत होत्या तेव्हा मी हसलो. माझीच चूक आहे हे माहीत असून हसलो."

त्यांनी नळ बंद केला. हात पुसले. स्टुलावर बसल्या. मला बसा म्हणाल्या नाहीत, आणि मी बसलो नाही.

"भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "मी आठ-नऊ दिवस आरशात बघून स्वतःला मूर्ख म्हणत होते. मुलीनं विचारलं, आई मुलाखत कशी झाली, तर तिच्यावर ओरडले. त्या शेजारच्या मुलीशी बोलणं टाकलं, तिनं मला गोंधळात पाडलं म्हणून. हे दिवस मला परत कोण देणार?"

मी पातेल्याकडे बघत राहिलो.

"फेरमुलाखतीचा अर्ज लिहून देऊ का?" मी शेवटी विचारलं. "मराठीत."

"नको," त्या म्हणाल्या. "मी लिहीन."

त्यांनी लिहिला. तीन ओळींचा होता, असं नंतर कळलं, आणि त्यात माझं नाव नव्हतं. फेरमुलाखतीची तयारी त्यांनी शेजारच्या मुलीकडे केली. आधी जाऊन तिची माफी मागितली म्हणे. त्या शनिवारी मी वर्गापुढं उभा राहिलो आणि बोडक्या भिंतीसमोर सहाही शब्द मागं घेतले. उरलेले तेराजण शांतपणे ऐकत होते. परिचारिकांपैकी एक म्हणाली, आम्हाला डाएटचं माहीत होतं, पण तुम्ही इतकं रेटून सांगत होता की आम्हाला वाटलं इस्पितळच चुकत असेल. म्हातारं जोडपं एकमेकांकडे बघत होतं. मुलाला फोनवर त्यांनी मोठ्या कौतुकानं विचारलं होतं, तिकडे कुणी क्युझीन भेटतात का. त्यानं तो शब्द पुन्हा एकदा विचारून घेतला होता, आणि मग म्हणाला होता, "भेटतात बाबा, पुष्कळ." आपल्या मुलानं आपल्याला सांभाळून घेतलं होतं हे त्यांना तिथं, माझ्या वर्गात, माझ्यासमोर कळलं. मला त्यांच्याकडे बघवेना. वर्ग तिथंच संपला. जज्जसाहेबांनी जिन्यात मला थांबवून निकाल दिला की पहिल्यापासून त्यांचा चित्रांना विरोध होता.

फेरमुलाखतीत वहिनींना प्रश्न थोडे विचारले आणि स्वयंपाकघर जास्त दाखवलं. साठ रुग्णांचं जेवण सहा तऱ्हांनी वेगळं करून त्यांनी वेळेच्या आधी वाढून दाखवलं. जागा त्यांना मिळाली. कचेरीत निरोपाचं भाषण साहेबांनी केलं. मी मागं, पाण्याच्या पिंपापाशी उभा होतो.

जायच्या दिवशी दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. चहा त्यांनीच आणला होता. हातात इस्पितळाचा छापील कागद होता. समोरच्या खुर्चीवर त्या बसल्या, अठरा वर्षांत पहिल्यांदाच.

"ह्यात एक शब्द आहे," त्या म्हणाल्या. "सर्व्हिंग. हे म्हणजे वाढणं, की एका माणसाला किती वाढायचं ते?"

मला एकदम उत्तर सुचलं. छान, तर्कशुद्ध उत्तर होतं, दोन उदाहरणांसकट. माझा हात चष्म्याकडे गेलासुद्धा. वहिनी माझ्या हाताकडे बघत होत्या. मी तो खाली टेबलावर ठेवला.

"मला नक्की माहीत नाही," मी म्हणालो.

वहिनींनी कागदाची घडी घातली. "हे तुम्ही तेव्हा म्हणायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. रागानं नाही, मीठ कमी पडलंय हे सांगावं तसं. "बघते मग कुणाला तरी विचारून."

त्या गेल्या. मी चहा प्यायलो, मग कप उचलला आणि रिकाम्या कँटीनमध्ये जाऊन तो स्वतः विसळून पालथा ठेवला.